सावलीचं अनेकवचन

गेल्या मे महिन्यात भाची पुण्याहून गावी आली ती सॅकमध्ये फूटभर पीव्हीसी पाइपचा तुकडा घेऊन. सुट्टीतला शाळेचा प्रकल्प होता. आमच्या सातारा भागात १० मेच्या सुमाराला दुपारी साडेबाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते, त्याचे तिला फोटो काढायचे होते. शून्य सावली दिवस. पुण्यात तो तीन-चार दिवसांनी येतो, पण सोसायटीच्या गच्चीपेक्षा मामाचं अंगण बरं, असं तिनं परस्पर ठरवलेलं. शेजारी बांधकाम चालू होतं. तिथल्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला आणि पाइप अगदी सरळ उभा केला.

बारा दहापासून आम्ही दोघं डोक्यावर टॉवेल टाकून पाइपाशेजारी उकिडवे बसलो. सावली आधी दोन बोटं होती, मग एक झाली, मग नखाएवढी, मग पेन्सिलीनं ओढावी तेवढी कड. साडेबाराला तीही गेली. भाचीनं मोबाइल तिरका धरून पाइपाच्या आतला फोटो काढला. तळाशी फरशीवर उन्हाचा गोल पडला होता, आणि बाहेर, पाइपाभोवती, काहीच नव्हतं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाला इजिप्तमधल्या साईन गावच्या विहिरीची जी गोष्ट ठाऊक होती ती हीच: वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी ऊन विहिरीच्या तळाला पोचतं. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते, वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढ्या कोनाची. तेवढ्या फरकावर त्या माणसानं पृथ्वीचा घेर काढला. आमच्याकडे विहीर नव्हती, पाइप होता.

दोन मिनिटांत पाइपाच्या पूर्वेला कड उमटली आणि प्रकल्प संपला. आई इतका वेळ ओसरीवरून बघत होती.

"सावलीच नाही म्हणताय, मग म्हस कुठं बांधू आता?"

"अगं आजी, शॅडो नाहीये. शेड आहे ना!" भाची.

"शेड कुठलं? त्याचे पत्रे वादळात गेले की मागल्या वर्षी."

म्हैस चिंचेच्या बुंध्याला अंग लावून रवंथ करत बसली होती. तिच्या भोवती गोल, दाट, काळीशार सावली. शून्य सावलीच्या मुहूर्तावर झाडाची सावली कुठं जात नाही, ती नेमकी झाडाखाली गोळा होते. सकाळी पश्चिमेच्या बांधावर पडणारी आणि संध्याकाळी पूर्वेकडे सरकणारी ती सावली त्या घटकेला बुंध्याभोवती सगळ्यात चोख असते. पाइपाची शॅडो गेली होती आणि म्हशीची शेड पुरेपूर होती. आईचा प्रश्न चेष्टेतला होता, पण मी जागच्या जागी खजील झालो. मी गेली बावीस वर्षं माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतोय, आणि शेड आणि शॅडोतला फरक मला इतका स्वच्छ कधी सांगता आलेला नाही.

नववीत असताना निबंधात मी 'वडाच्या शॅडोखाली आम्ही डबा खाल्ला' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य लिहिलं होतं. सरांनी शॅडोवर लाल रेघ ओढून वर शेड लिहिलं. का, ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढं लाल पेन माझ्या हातात आलं तेव्हा मीही तेच करू लागलो. मराठी माध्यमातल्या पोरांच्या वह्यांत ही चूक दरवर्षी नेमानं येते, पहिल्या पावसात गांडुळं यावीत तशी. डोक्यात सावली हा एकच शब्द असतो, त्याचा इंग्रजी जोडीदार शोधताना जो आधी हाताला लागेल तो उचलायचा. कुणीतरी कारण विचारलंच तर म्हणून मी एक नियम बनवून ठेवला होता: झाडाची शेड, माणसाची शॅडो. सुटसुटीत होता. चुकीचाही होता. एकदा मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "सर, मग उन्हात माणूस उभा आहे आणि त्याच्या आडोशाला कुत्रं बसलंय, तर ती कुत्र्याला काय?" वर्ग हसला. मी त्याला खाली बसवलं. त्याच्या प्रश्नात अख्खं उत्तर होतं हे मला त्या चिंचेखाली कळलं.

कुत्र्याच्या बाजूनं पाहिलं तर ती शेड. त्याला माणसाचा आकार, नाक, टोपी यांच्याशी काही देणंघेणं नाही, ऊन लागत नाही एवढंच हवंय. समोरून बघणाऱ्याला ती शॅडो, कारण तिला कडा आहेत, हातपाय आहेत, ती अमक्याची आहे आणि तो हलला की हलते. शेड ही जागा आहे, तिथं जाऊन बसता येतं. शॅडो ही आकृती आहे, ती जमिनीवर, भिंतीवर, कशावर तरी पडावी लागते. मोजायची झाली तर शॅडोला फूटपट्टी लागते आणि शेडला थर्मामीटर. मेमध्ये पेपरात पारा ४२ वर गेल्याची बातमी येते तो आकडा सावलीतलाच असतो. वेधशाळेचा थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात. बाहेर रानात भांगलणाऱ्या बाईच्या पाठीवर किती असतं ते त्या आकड्यात नाही.

मजा पुढेच आहे. हे दोन शब्द मुळात दोन नाहीतच. जुन्या इंग्रजीत एकच नाम होतं, त्याचा उच्चार काहीसा 'शादु' असा. त्या काळच्या इंग्रजीला आपल्यासारख्याच विभक्त्या होत्या आणि प्रत्यय लागताना शब्दाचं रूप बदलायचं. म्हणजे आपल्या घोड्याचं कसं, एकटा असतो तेव्हा घोडा, आणि ला, ने, चा लागायचा म्हटला की घोड्या. याला आपण सामान्यरूप म्हणतो आणि पाचवी-सहावीत त्याचा धसका घेतो. त्या जुन्या शब्दाच्या मूळ रूपापासून पुढं शेड निघाला, आणि सामान्यरूपात जो व यायचा तो धरून शॅडो. काही शतकांत इंग्रजीनं विभक्त्या बहुतेक टाकून दिल्या, पण हे एक सामान्यरूप मागं राहिलं, आणि दोन रूपं घरात आहेत म्हटल्यावर लोकांनी त्यांना वेगवेगळी कामं नेमून दिली. कुरणाला त्यांच्याकडे मेडो म्हणतात, त्याचंही हेच. त्याचं मूळ रूप मीड, ते आता फक्त कवितेत आणि गावांच्या नावांत उरलंय.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा इंग्रजीबद्दल माया वाटली. उद्या मराठीत प्रत्यय गळून पडले आणि घोडा म्हणजे जनावर, घोड्या म्हणजे सुताराचा ठोकळा असं काही होऊन बसलं, तर तीनशे वर्षांनी कुठल्यातरी परक्या देशात एखादा मास्तर पोरांना सांगत असेल, हे दोन्ही वेगळे रे, घोळ करू नका.

मग मी आपल्या सावलीकडे वळलो. दोन अर्थ एकाच शब्दात राहतात म्हणजे मराठीला फरक दिसतच नाही की काय? तर दिसतो, आणि तो लपवला आहे विभक्तीतच. 'जरा सावलीला बस' म्हटलं की अर्थ एकच, शेड. हा 'ला' शॅडोला लागून ह्या अर्थानं कधी येत नाही. उन्हाला उभं राहू नये, सावलीला बसावं, असा तो जागेचा 'ला' आहे. 'सावली धर' म्हणजे सावलीसावलीनं चाल, तीही शेड. गार सावली, दाट सावली, विरळ सावली या शेडच्या जाती, लांब सावली आणि तिरपी सावली या शॅडोच्या. झाड सावली देतं तेव्हा शेड देतं, आणि भिंतीवर सावली पडते तेव्हा पडते ती शॅडो.

सगळ्यात पक्की खूण अनेकवचनाची. सावल्या म्हटलं की शेड संपली. 'सावल्या लांबल्या', 'भिंतीवर सावल्या नाचत होत्या', इथं गारवा नाही. 'आम्ही सावल्यांना बसलो' असं कुणी म्हणत नाही, दहा झाडांखाली दहा जण बसले तरी सगळे सावलीलाच बसतात. इंग्रजीतही शेड या अर्थानं मोजता येत नाही. तिचं अनेकवचन केलं की त्याचा गॉगल होतो, नाहीतर रंगछटा, नाहीतर जुन्या कवितांमध्ये पाताळातली भुतं. आपण न शिकता, न चुकता हा भेद आयुष्यभर पाळतो. नववीतल्या माझ्या डोक्यात तो होताच, फक्त शब्दकोशातल्या सावली या नोंदीत नव्हता.

आईचं पत्र्याचं शेड राहिलंच. इंग्रजीतला तो तिसरा शब्द, गोठ्याचा, अवजारं ठेवायचा. मराठीत आल्यावर त्याचा आणि झाडाखालच्या शेडचा उच्चार एक झाला, स्पेलिंग मागं राहिलं. आता शेतकऱ्याच्या तोंडी शेडनेट आहे. ढोबळी मिरचीसाठी पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी. साडीच्या दुकानात 'ह्यातच जरा फिकी शेड दाखवा' आहे, आणि रस्त्याकडेला 'शेड भाड्याने देणे आहे' असा बोर्ड आहे. मराठी माणूस ह्या तिन्हींत कधी गफलत करत नाही. उलट आमच्या गच्चीवर सोलर बसवायला आलेला पोरगा. तो चुकूनही सावली म्हणाला नाही. "काका, डिसेंबरात चार वाजता टाकीची शॅडो कुठवर येते?" पॅनलच्या एका कोपऱ्यावर टाकीची सावली आडवी आली तर तो पॅनल तर मंदावतोच, वर त्याच्याबरोबर एका माळेत जोडलेल्यांनाही मागं ओढतो. त्याच्या धंद्यात सावली म्हणजे तोटा, म्हणून त्यानं तिचं नाव बदलून घेतलं असावं. आमच्या आईनं मात्र पॅनल लागल्यावर त्यांच्या खालच्या सावलीत पापड वाळत घातले. ते वाळले नाहीत अर्थात.

शब्दशः भाषांतर सगळ्यात जास्त फसतं ते माणसांच्या बाबतीत. आपल्याकडे घरांची नावं सावली, मातृछाया, पितृछाया. 'वडिलांच्या सावलीत वाढला' हे कौतुक आहे. हेच शॅडो घालून इंग्रजीत न्या, की वडील इतके मोठे होते की पोरगं कुणाला दिसलंच नाही, असा अर्थ निघतो. एका सत्काराची निमंत्रणपत्रिका माझ्याकडे तपासायला आली होती, तीत सत्कारमूर्तींनी गुरूंच्या शॅडोखाली तीस वर्षं काढल्याचं म्हटलं होतं. मी शेड केलं तर गुरू छत्री झाले. शेवटी दोन्ही काढून सरळ 'मार्गदर्शनाखाली' असं लिहिलं आणि वाक्यातला जीव गेला. इंग्रजीनं पूर्वी शॅडोतही आसरा पाहिला होता. १६११ च्या बायबलमध्ये ९१ व्या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीत परमेश्वराच्या आश्रयाला राहणारा माणूस त्याच्या शॅडोत राहतो. पण त्याच बायबलच्या २३ व्या स्तोत्रात मृत्यूच्या शॅडोची दरी आहे, आणि पुढच्या इंग्रजीवर त्या दरीचा पगडा जास्त राहिला असं मला वाटतं. आपण वटवृक्षाखाली दुसरं झाड वाढत नाही असं म्हणतो खरं, पण तेवढ्यासाठी घराचं नाव बदलत नाही.

घरांवरच्या त्या पाट्यांवर मी इतका खूश असतो, तेव्हा मला सावलीचा दुसरा इतिहासही आठवावा लागतो. समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी नोंदवलं आहे की मराठ्यांच्या आणि पेशव्यांच्या अमलात महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नवाच्या आधी पुण्याच्या वेशीच्या आत येण्याची बंदी होती. त्या वेळी सावल्या लांब पडतात, आणि ती लांब सावली वरच्या जातीच्या माणसावर पडली तर त्याला विटाळ होतो. मी एकदा कागदावर हिशेब मांडून बघितला. दिवस-रात्र सारखे असतात त्या सुमाराला पुण्यात नऊ आणि तीनला, सूर्याच्या वेळेनं, माणसाची सावली जवळपास त्याच्या उंचीएवढी असते, थोडी जास्तच. म्हणजे बंदी घालणाऱ्यानं अंदाज बरोबर बांधला होता. सावली माणसाएवढी झाली की माणूस बाहेर. एराटोस्थेनिसनं ज्या भूमितीनं पृथ्वी मोजली तीच इथं वेशीवर उभी होती. आणि मधल्या सहा तासांत, भर उन्हात, आत येणाऱ्याला सावलीला बसायला जागा कुठल्या झाडाखाली होती? ज्याची शॅडो नको त्याला शेड कोण देणार. इथं मला दोन शब्द हवेसे वाटतात. एकाच सावलीत हे सगळं कोंबलं की घराच्या पाटीवरची माया आणि वेशीवरची शिक्षा एकाच अक्षरांत लिहिली जाते.

आई रोज सकाळी नवग्रह स्तोत्र म्हणते, त्यात शनीला 'छायामार्तंडसंभूतं' म्हटलंय, छाया आणि सूर्य यांचा मुलगा. गोष्ट अशी की सूर्याची बायको संज्ञा हिला त्याचं तेज सोसेना. तिनं आपल्यासारखीच दिसणारी छाया घरात ठेवली आणि स्वतः निघून गेली. भाचीनं विचारलं, ही छाया म्हणजे शेड की शॅडो? संज्ञेची हुबेहूब आकृती म्हणून शॅडो. पण नवऱ्याच्या उन्हापासून संज्ञेला आडोसा मिळाला तो हिच्याचमुळे, म्हणजे शेडही. संस्कृतनं छाया या एका शब्दात दोन्ही ठेवलं म्हणून ही गोष्ट जमली, इंग्रजीत ती लंगडी पडेल. भाची म्हणाली, "पण शनीला कुणी गार म्हणत नाही." बरोबर आहे.

इंग्रजीकडे दोन शब्द आहेत म्हणून ती श्रीमंत, असंही काही नाही. दाट झाडाखाली जमिनीवर उन्हाचे गोल ठिपके पडतात त्यांना आपण कवडसे म्हणतो. कौलातून येतो तोही कवडसाच. इंग्रजीत ह्याला एक शब्द मला सापडलेला नाही. ते उन्हाची तिरीप म्हणतील, ठिपकेदार उजेड म्हणतील, कवडसा म्हणणार नाहीत. पानांमधल्या फटी वाकड्यातिकड्या असतात तरी कवडसे गोल पडतात, कारण प्रत्येक कवडसा हे सूर्याचं चित्र असतं. फट जमिनीपासून चार मीटर वर असेल तर ते चित्र साधारण पावणेचार सेंटिमीटरचं, बारक्या लिंबाएवढं. हे मला पुस्तकातून कळलं होतं, पटलं मात्र १५ जानेवारी २०१० ला. संक्रांतीचा दुसरा दिवस, दुपारी सूर्यग्रहण. कंकणाकृती होतं ते रामेश्वर-कन्याकुमारीकडे, आपल्याकडे खंडग्रास. मुलांना घरी ठेवा म्हणून पालकांचे निरोप आले होते, तरी वीसेक जण आले. शाळेच्या कडुनिंबाखाली बघतो तर सगळे कवडसे चंद्रकोरी झालेले. शेकडो कोरी, सगळ्या एकाच बाजूला तोंड केलेल्या, वारा आला की जमिनीवर मासळीसारख्या सळसळणाऱ्या. ज्यानं मला कुत्र्याचा प्रश्न विचारला होता तो पोरगा तिथं वाकून एकेक कोर तळहातावर घेत होता. त्याच्या हातावर ती नीट बसत होती.

विलायतेत शून्य सावली दिवस कधीच येत नाही. दिल्लीतही येत नाही, कर्कवृत्ताच्या वर सगळीकडे तोच प्रकार. लंडनला २१ जूनच्या भर दुपारीही माणसाची सावली त्याच्या निम्म्या उंचीएवढी असते, आणि डिसेंबरात भर दुपारी पावणेचार पट. ज्यांच्या पायाला वर्षभर लांबच लांब शॅडो चिकटलेली असते त्यांनी तिच्यासाठी शब्द राखून ठेवला, आणि ज्यांच्या डोक्यावर मेमधला सूर्य त्यांनी सावली म्हटल्यावर आधी बसायची जागा शोधली, असं मला म्हणावंसं वाटतं. भाषाशास्त्रज्ञ ह्याला हसतील. त्याच आकाशाखाली त्यांचे विभक्तीप्रत्यय गळाले नसते तर त्यांचंही भागलं असतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी नववीला फळ्यावर दोनच वाक्यं लिहिली, म्हस सावलीला बसली आणि म्हशीची सावली पडली, आणि म्हटलं, करा इंग्रजी. एकानंही चूक केली नाही. दोघांनी म्हशीचं स्पेलिंग चुकवलं.

पाइपाचा तुकडा भाची इथंच विसरून गेली. आईनं तो कारल्याच्या वेलाला आधार म्हणून रोवला. सूर्य परतीच्या वाटेवर आमच्या डोक्यावरून पुन्हा एकदा जातो, २ ऑगस्टच्या आसपास. पुण्यावरून त्याच्या तीन-चार दिवस आधी, आणि त्या दिवशी दुपारी भाचीचा फोन आला.

"मामा, आज परत झिरो शॅडो डे होता. पण इथं नुसते ढग. ऊनच नव्हतं तर शॅडो कुठून जाणार? आणि शेड तरी म्हणायची का ह्याला? सगळीकडेच आहे."

मी विचारात पडलो. आईनं फोन घेतला.

"इथं पाऊस आहे," ती म्हणाली. "म्हस आत बांधलीय. पत्रे घातले शेडवर परवा."